रेघेच्या खाली

"हलू नकोस," असं म्हणून साहेब पलंगावरूनच पुढे वाकले, चष्मा सारखा केला आणि डोळा थेट औषधाच्या पातळीला लावला.

सूनबाई हलली नाही. तिच्या हातात बाटलीबरोबर आलेला प्लास्टिकचा छोटा पेला होता. त्यात पाकासारखं दाट, गोडमिट्ट औषध. पोट साफ व्हावं म्हणून डॉक्टरांनी दिलेलं, रोज सकाळी वरच्या रेघेपर्यंत घ्यायचं. आणि ते वरच्या रेघेपर्यंत नव्हतं. चांगलंच खाली होतं.

वजनमापं तपासण्याच्या नोकरीत साहेबांचा उभा जन्म गेलेला. बाजारात त्यांची सावली दिसली की दुकानदारांना घाम फुटायचा. पारड्याखाली हात घालून, मेणाचा गोळा चिकटवलेला नाही ना हे चाचपल्याशिवाय ते दुकानाबाहेर पडत नसत. समोरचा गयावया करू दे, नाहीतर देवाशपथ सांगू दे. अशा माणसाच्या घरात, त्याच्याच पोटाच्या बाबतीत मापात पाप!

खरं तर संशय आधी पेल्यावर आला होता. पहिल्या दिवशी तो रेघेपर्यंत भरलेला होता, तरी पोट ढिम्म. म्हणजे पेलाच खोटा. डॉक्टर म्हणाले होते, "गुण यायला दोन दिवस लागतात, धीर धरा. भरपूर पाणी प्या. पण जास्त घेऊ नका. या वयात अंगातलं पाणी गेलं तर चक्कर येऊन पडाल." पण डॉक्टर कधी बाजारात उभे राहिले होते? साहेबांनी आपली सोय आपणच केली. सूनबाई अंघोळीला गेली की बाटली उघडायची, एक चमचा घशाखाली घालायचा आणि चमचा पुसून पलंगाशेजारच्या खणात ठेवून द्यायचा.

मग पेल्यातलं औषधही रेघेखाली उतरलं. तेव्हा मात्र सगळा उलगडा झाला. घरात संडास एक. सकाळी तिला कामावर जायची घाई, मुलाला घाई, आणि औषध लागू पडलं की म्हातारा आत ठाण मांडून बसणार. त्यापेक्षा त्याला तुंबलेलाच ठेवा. वर ही बया रोज हसून पाण्याचा तांब्या भरून आणायची, त्यानं तर खात्रीच पटली. माप मारणाऱ्या दुकानदाराइतकं गोड कुणी बोलत नाही, हे साहेबांना पाठ होतं. पोटाचं म्हणाल तर दोन-तीन दिवसांपासून गाडी रुळावर आली होती. त्याचं श्रेय अर्थातच चमच्याला.

"सूनबाई, ही रेघ दिसते का तुला?"

"दिसते की."

"आणि औषध?"

"तेही दिसतं, बाबा."

"मग मधली जागा कुणाची?"

"तुमची," सूनबाई म्हणाली.

तिनं पेला टेबलावर ठेवला आणि पलंगाशेजारचा खण ओढला. खणाच्या कडेनं मुंग्यांची रांग लागली होती. या मुंग्यांवरून साहेबांनी परवाच तिला झाडलं होतं, घरात केर नीट निघत नाही म्हणून. रांग चष्म्याच्या जुन्या घराला वळसा घालून सरळ चमच्यापर्यंत गेली होती.

"माप बरोबर आहे, बाबा. तुमचा चमचा धरून."

साहेबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आजवर त्यांनी कितीतरी माणसांना असं पकडलं होतं, पण पकडला गेलेला माणूस नेमका कुठे बघतो, हे त्यांना आज कळलं. ते आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

"हे तुझ्या मनाचं?" त्यांनी विचारलं. सवय सुटत नव्हती.

"डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, चमचा बंद होत नसेल तर तेवढं कमी ओता. बंद झाला तर उत्तम."

"मग तोंडावर का नाही बोललीस?"

"बोलले असते, तर तुम्ही गुपचूप दुसरी बाटली आणली असतीत." तिचा आवाज एकदम चढला. "ती कुठे दडवलीत ते मला कळलंही नसतं. संडासात पडून राहिला असतात म्हणजे? आम्ही दोघं दिवसभर बाहेर. दार फोडायला तरी कोण होतं घरात?"

साहेबांनी चमचा उचलला, त्यावरची मुंगी फुंकून उडवली आणि तो तिच्यापुढे धरला.

"आजचा घेतलात?"

"नाही. तू अजून अंघोळीला कुठे गेलीस?"

सूनबाईला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. चमचा कमरेला खोचला आणि बाटलीतून पेल्यात आणखी थोडं औषध ओतलं. अगदी रेघेपर्यंत. मग पेला साहेबांच्या डोळ्यांसमोर स्थिर धरला.

"बघून घ्या."

साहेबांनी चष्मा काढून बाजूला ठेवला, पेला घेतला आणि एका घोटात रिकामा केला. पाठोपाठ पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

ते पाणी पीत होते, तेवढ्यात सूनबाईनं त्यांच्या उशीखाली हात घातला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपून पाहिलं.