साहेबांचा पुरावा

दुपार झाली की वेबसाइटचा डेटाबेसशी संपर्क तुटायचा, मध्येच जुळायचा, पुन्हा तुटायचा, आणि साहेब दर वेळी खापर वेबसाइटचा कोड लिहिणाऱ्या तिच्याच माथी फोडायचे. "बाई, तुमचा कोड म्हणजे नुसता उकिरडा आहे," ते सगळ्यांसमोर म्हणायचे. "एकेक घोळ मी पुराव्यानिशी जपून ठेवतोय." वेबसाइट जरा अडखळली की ते केबिनमध्ये डेटाबेसमधून सतत माहिती ओढणाऱ्या रिपोर्टची नवी खिडकी उघडायचे, आणि पुरावा जाईल म्हणून दिवसभर एकही बंद करायचे नाहीत.

शुक्रवारी त्यांनी तिच्या टेबलावर कोरा कागद आपटला. "दोषी कोण ते पाचच्या आत लिहून द्या. आजच नारळ देतो."

डेटाबेसला कुठून कुठून जोडण्या झाल्या आहेत, त्याची यादी ती काढून बसली. डेटाबेस एका वेळी शंभरच जोडण्या द्यायचा. त्यातल्या नव्वद एकाच कॉम्प्युटरवरच्या नऊ उघड्या खिडक्या अडवून बसल्या होत्या.



तिने कागदावर साहेबांचं नाव लिहिलं आणि खाली एक ओळ जोडली: "पुरावा आपल्याच स्क्रीनवर आहे. तो बंद केलात की वेबसाइट चालेल."