फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

प्रज्ञा सिस्टर चेहरा पाडूनच दारात आली. चपला बाहेर काढल्या, पदर सारखा केला आणि आत पाहिलं, तर मयत बाई बाजेवर बसून लसूण सोलत होती.

"या," झुंबरबाई म्हणाली. "तोंड का असं? कोन गेलं?"

"तुम्ही," प्रज्ञा म्हणाली. एवढ्या घाईत तिला दुसरं काही सुचलं नाही.

"कवा?"

"सोमवारी."

झुंबरबाईने पाकळी ताटलीत टाकली. "मला न्हाई कुनी सांगितलं."

सोमवारी दवाखान्यात कोल्हारहून कार्ड आलं होतं, कोपरा फाटलेलं. असं कार्ड म्हणजे मयताची खबर. ते वाचायचं आणि लगेच फाडायचं, जवळ ठेवायचं नाही. प्रज्ञाने झुंबरबाईचं नाव तेवढं वाचलं आणि कार्डाचे चार तुकडे केले. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता, म्हणून अंघोळ तिने फक्त एकदाच केली.

मग रजिस्टरातलं नाव लाल पेनाने खोडलं. शेवटच्या दुखण्याचे, घरी जाऊन बघायचे पेशंट चौदाच घ्यायचे, असा डॉक्टरांचा नियम होता. दोन महिने थांबलेल्या काकासाहेबांचा नंबर लागला. आज लुनावरून ती त्यांच्याकडेच निघाली होती आणि पिशवीत गोळ्याही त्यांच्याच होत्या. इथे ती वाटेत थांबली, ती घरच्यांना भेटायला आणि उरलेल्या गोळ्या परत न्यायला. दुखणं मारायच्या त्या गोळ्या, उरलेली एकेक दवाखान्यात जमा करावी लागे.

"उरल्यात कुठं?" सून धनश्री चुलीपाशी बसून म्हणाली. "शेवटची सकाळी दिली. आज संपत्यात, हेच तर लिवलं हुतं कार्डात."

"आणि कोपरा?"

"ह्यांचा कान खाजत हुता. टपालपेटीपाशी दुसरा कागद न्हवता."

प्रज्ञाने आता नीट पाहिलं. ताटलीत सोललेल्या पाकळ्या तीनच होत्या. दर पाकळीला झुंबरबाई ओठ दाबून थांबत होती. दुपारच्या गोळीची वेळ कधीच टळून गेली होती. आज वाटेत थांबायचं मनात आलं नसतं, तर इथे पुन्हा कुणी येणारच नव्हतं. खोडलेल्या नावाकडे कोण जातं?

तिने काकासाहेबांचं पाकीट फोडलं. एक गोळी लगेच दिली, उद्या सकाळपर्यंतच्या मोजून धनश्रीच्या हातात ठेवल्या. काकासाहेबांनाही तोवर पुरतील एवढ्या उरल्या. उद्या दोघांच्याही आणायच्या होत्या. मग ती भिंतीला टेकून नुसती बसून राहिली. मयताच्या घरी नको म्हणायचं ठरवलेला चहा तिने दोनदा घेतला.

दुसरा कप संपेपर्यंत झुंबरबाईच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या होत्या. लसणाचा अख्खा गड्डा सोलून झाला होता.

प्रज्ञाने रजिस्टर उघडलं. पंधरा होत होते. डॉक्टर बोलतील, तर बोलू देत, असं तिने धनश्रीला सांगितलं आणि लाल रेघेच्या वर, जुन्या जागी, तिसऱ्या नंबरला नाव घालायला पेन टेकवलं.

झुंबरबाई बाजेवरून वाकून बघत होती.

"तिथं नगं," ती म्हणाली. "सगळ्यात खाली लिवा. नंबर यायला जरा येळ लागंल."

प्रज्ञाने काकासाहेबांच्या नावाखाली चार ओळी मोकळ्या सोडल्या आणि मग लिहिलं.