चार बोटं उंच

घोडेवाल्याने तट्टासाठी मागवलेली तिसरी गव्हाणही परत पाठवली.

"चार बोटं उंच!" तो स्वयंपाकघरात येऊन तणतणला. "मान वर करून खायचं म्हणजे गवताची सगळी धूळ डोळ्यांत. मुकं जनावर ते, सांगणार कसं? बनवणाऱ्याला कळायला नको?"

बायकोचे कणीक मळणारे हात थांबले. ओटा त्याने स्वतःच्या उंचीच्या मापाने बांधला होता. तिथवर हात पुरावा म्हणून वीस वर्षं ती उलट्या बादलीवर उभी राहत होती. आताची बादलीही तट्टाचीच, टाकून दिलेली.

"खरंय तुमचं," ती कडाडली. "सांगून सांगून माझी जीभ झिजली. मुकी असते, तर हा ओटा पहिल्याच वर्षी खाली आला असता!"