मुखपृष्ठावरचा माणूस

"माणूस तुम्हीच उचललाय. आणि आता तोंड वर करून विचारता, कुठला माणूस?"

लोर्नाने दोन्ही हात काउंटरवर टेकले होते. एवढं पोट घेऊन टेकल्याशिवाय उभंच राहवत नव्हतं. काचेपलीकडच्या सार्जंटने चहाचा घोट घेतला.

"बाई, परवाही सांगितलं. ग्लेन पार्कर नावाचं कुणी आमच्या कोठडीत नाही. हरवल्याची तक्रार द्यायची असेल तर द्या. जन्मतारीख?"

"नोव्हेंबरात असतो वाढदिवस."

"साल?"

साल तिने कधी विचारलंच नव्हतं.

"पाच वर्षं एका घरात राहिलात म्हणता ना?" सार्जंट हसला. "आमच्या हिला माझ्या बुटाचा नंबरसुद्धा पाठ आहे."

काय सांगणार ती त्याला? 'नेटल'मध्ये कुणी कुणाची कुळी विचारत नसे. बंद पडलेल्या बेकरीच्या माडीवरून निघणारं मासिक ते. जाहिरात नाही, पगार नाही, मालक नाही. वाचकांच्या वर्गणीवर चालायचं. कारखान्यांची घाण गरिबांच्याच वस्तीत का येते, नदी कुणी नासवली, हे नावं घेऊन छापायचं. जो कामाला येईल तो आपला. आधी कुठे होतास, आईबाप कोण, हे विचारणं म्हणजे पोलिसांसारखं वागणं. याचा त्यांना केवढा अभिमान! आणि आता ग्लेनला शोधायचं तर तो कुठला, कुणाचा, हे सांगू शकेल असं गावात एक माणूस नव्हतं.

ग्लेनही असाच एक दिवस माडी चढून आला होता. बाकीच्यांकडे सायकली, त्याच्याकडे व्हॅन. छापखान्यातून गठ्ठे आणायचा तो, दुकानांत पोचवायचा तो. मसुराचं सूप सगळ्यांना वाढून उरलं तर स्वतः घ्यायचा. वस्तीला लागून कचरा जाळायची भट्टी उभी राहत होती. गेल्या हिवाळ्यात तिचं काम अडवायचं ठरलं आणि जायच्या आधीच पोलिसांनी 'नेटल'च्या दोघांना अंथरुणातून उचललं. त्या दिवशी घाबरलेल्या लोर्नाला धरून बसला होता तो ग्लेनच. आता भट्टीच्या चिमणीवर चढायचं ठरलं होतं. बैठक संपली, "डिझेल भरून येतो," म्हणाला. आलाच नाही.

पहिले दोघे उचलले, आता तिसरा. यात कुणाला शंका होती?

लोर्नाने दवाखाने पालथे घातले. ग्लेनने दिलेला त्याच्या भावाचा फोन लागेना. खासदाराच्या कचेरीतली बाई म्हणाली, लेखी द्या. वकिलाने विचारलं, "तुम्ही त्याच्या कोण?" लग्न केलेलं नव्हतं. वकिलाने टोपण पेनला लावलं. ज्याचं मूल पोटात वाढतंय, त्याची ती कायद्याने कुणीच नव्हती. घरी येऊन ती त्याच्या जाड स्वेटरात बसून राहायची. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"मुखपृष्ठावर त्याचा फोटो टाकू," ती बैठकीत म्हणाली. "खाली एकच ओळ. ग्लेन कुठे आहे?"

'नेटल'मध्ये मतं मोजत नसत. पटलं तर दोन्ही हात वर करून बोटं हलवायची. एकानेही मूठ वर केली की विषय बंद. सगळ्यांची बोटं हलली. मूठ एकच होती, आयव्हरची. निवृत्त मास्तर, पानं लावायचं काम त्याचं.

"चेहरे छापायचे नाहीत हा आपला नियम आहे, पोरी. तोही ग्लेननेच आणलेला. चेहरे नकोत, काम दिसू दे, म्हणाला होता. सुटून आला की मलाच झोडपेल."

"झोडपू दे की! निदान आलेला तरी असेल."

आयव्हरने चष्मा पुसला. "फोटो आहे तरी का त्याचा?"

एक होता. कॅमेरा दिसला की ग्लेन उठून चहा टाकायला जायचा. एकदाच, समुद्रकाठच्या खुर्चीत डुलकी लागली असताना, तो सापडला होता.

मूठ खाली आली.

मुखपृष्ठ छापून आलं तशी लोर्ना ते घेऊन थेट ठाण्यात गेली आणि काचेला चिकटवून धरलं. "बघा आता. ओळखताय का?"

सार्जंटने सवयीने पेन उचललं. चेहऱ्याकडे पाहिलं. पेन खाली ठेवलं.

"बसा, मॅडम."

आजवर तो तिला बसा म्हणाला नव्हता. थोड्या वेळाने तिला आतल्या खोलीत नेलं. तिथे साध्या कपड्यातला एक मोठा साहेब, चांगल्या कपात चहा, बशीत बिस्किटं.

"अंक बाहेर गेलाय?"

"उद्या जाईल."

"थांबवा."

"म्हणजे तो तुमच्याकडेच आहे." तिचा आवाज फाटला. "जिवंत आहे ना?"

"ठणठणीत आहे."

इतके दिवस अडवून धरलेलं रडू तिथेच फुटलं. त्या माणसासमोर, नाक गळेपर्यंत ती रडली. "मग भेटवा मला. लांबून दाखवा. बाळंतपणापुरतं सोडा, साहेब, नंतर हवं तर परत आत टाका."

साहेबाने बशी थोडी तिच्याकडे सरकवली. "हा फोटो गावात लागला तर त्याच्या जिवाला धोका आहे."

"कुणापासून?"

"तुमच्याच लोकांपासून." त्याने उठून दार लावलं. "मॅडम, तो आमच्या कोठडीत नाही. आमच्या नोकरीत आहे. ग्लेन पार्कर हे नाव आम्हीच दिलेलं. ड्युटी संपली, तो बायकोमुलांकडे परत गेला."

लोर्नाचा हात पोटावर गेला.

"आणि हे? हेही तुमच्या ड्युटीतच मोडतं का? बोला!"