भाचीची बोली

"ही माझी भाची. आईबाप सुरतेकडे ऊसतोडीला गेलेत, त्यांच्याकडे पोचवतोय," तो माणूस म्हणाला.

शहाद्याहून सुटलेल्या एसटीत कंडक्टर रमीला पावरा तिकीट देता देता थांबल्या. दहा वर्षांची ती मुलगी खिडकीचा गज घट्ट धरून बसली होती. मराठीत नाव विचारलं, ते तिला कळलंच नाही. मग रमीलाताई शेजारी टेकल्या आणि घरच्या पावरी बोलीत त्यांनी विचारलं, "बाळा, हा तुझा कोण?"

मुलगी भडाभडा बोलू लागली. आईबाप तर बारामतीला आहेत. हा आजच बाजारात भेटला, आईकडे नेतो असं खुणांनी सांगून घेऊन आला.

"काय म्हणतेय ती?" माणसाने विचारलं.

"मामा असून भाचीची बोली कळत नाही?"

तो दाराकडे धावला. प्रवाशांनी त्याला धरला आणि ड्रायव्हरने गाडी थेट पोलीस ठाण्यात नेली.

जबाब लिहून झाला. फौजदार म्हणाले, "आईबापांना कळवलंय, उद्या येतील. ताई, तुम्ही निघा, गाडी खोळंबलीय."

रमीलाताईंनी मुलीला जवळ घेतलं. "गाडीला दुसरा कंडक्टर मिळेल, साहेब. हिच्याशी बोलायला इथं दुसरं कोण आहे?"