दहाव्याचा कावळा

उन्हं चढली, तरी नवऱ्याच्या पिंडाला कावळा शिवेना, तशी उल्काताईंचा जीव खालीवर होऊ लागला. आईला सांभाळीन, कलमांची बाग विकणार नाही, सलिलने हात जोडून सगळं कबूल केलं. खाडीकाठच्या झाडावरून कावळा नुसता बघत राहिला.

"बाबांनाच विचारतो," म्हणत सलिलने फोन काढला. जुन्या रेकॉर्डिंगांवरून त्याने वडिलांचा आवाज त्यात घडवला होता, विचारलेल्याला उत्तर देणारा.

"बाबा, काय राहिलंय तुमचं?"

"मला बंद करू नको रे," आवाज म्हणाला.

उल्काताईंनी त्याचा हात धरला. "सलिल, बंद कर ते. त्यांना जाऊ दे."

सलिलने फोन छातीशी धरला. "नाही करणार, बाबा. शब्द देतो."

कावळा पिंडाकडे पाठ करून खाडीपलीकडे उडून गेला.