द्रावण गढुळतं तेव्हा

थर्मोडायनॅमिक्सचे नियम विश्वात सगळीकडे सारखेच लागू असतात. नांदेडात ते लागू व्हायला आधी वीज यावी लागते.

त्या दिवशी सकाळी गेलेली वीज दुपारी दोनला आली, आणि नेमकी दोनलाच पाळी बदलत असे. रसायनशास्त्र विभागात पाणी ठरावीक तापमानाला ठेवणारी काचेची टाकी एकच. दोनपर्यंत ती डॉ. गुंडप्पा सरांची, दोननंतर डॉ. दयानंद सरांची. दोघंही शेतकऱ्यांच्या घरचे, त्यामुळे कालव्याच्या पाण्यासारखी ही वाटणी त्यांनीच करून घेतली होती. बुडालेली पाळी कुणाच्या नावावर धरायची, हे मात्र कालव्यावरसुद्धा आजवर ठरलेलं नाही.

गुंडप्पा सरांचा विद्यार्थी रविकिरण टाकीला नाक लावून बसला होता. पाण्यात नळी, नळीत सायक्लोहेक्झेन, आणि त्यात विरघळलेलं पॉलिस्टायरीन, म्हणजे आपलं थर्माकोल. गरम असताना दोघांचं गुण्यागोविंदानं चालतं. गार होत गेलं की तिसाच्या आसपास कुठंतरी बिनसतं आणि द्रावण दुधासारखं पांढरं होतं. ते नेमकं कितीला, एवढा एक आकडा मिळाला की प्रबंध पुरा. मुदत आज संध्याकाळी संपत होती, आणि मुदतवाढीवरची मुदतवाढही घेऊन झाली होती. खोलीत बेचाळीस अंश. पाणी गार करायला त्यानं रसवंतीवरून बर्फ आणला होता, आणि तापमान बघायला पाण्यात वायरीच्या थर्मामीटरची सळई सोडली होती.

दयानंद सर आत आले आणि त्यांनी थेट हीटरचं बटण पंचावन्नवर फिरवलं.

“अहो, काय करून राहिलात हे?” रविकिरणच्या मागं उभे असलेले गुंडप्पा सर म्हणाले.

“दोन वाजले. माझी पाळी हाय.”

“सकाळभर लाईट नव्हती. माझी कोण भरून देणार?”

“ते लाईटवाल्याला विचारा.”

गुंडप्पा सरांनी बटण बंद केलं. दयानंद सरांनी त्यांचा हात पिरगाळला. गुंडप्पा सरांनी दुसऱ्या हातानं स्टँडचा लोखंडी दांडा उचलून त्यांच्या पाठीत घातला. दयानंद सर मटकन खाली बसले, आणि बसल्या बसल्या त्यांनी गुंडप्पा सरांची पोटरी दातात धरली. दोघांच्या नावावर ढीगभर शोधनिबंध होते, पण कामी येत होतं ते बांधावर शिकलेलंच.

“अरे, सोडव की! बघत काय बसलास!” दयानंद सर ओरडले.

“उठू नको! नळीवर ध्यान ठेव!” गुंडप्पा सर ओरडले.

रविकिरणनं गाईडचं ऐकलं. संधी साधून उरलेला सगळा बर्फ टाकीत सोडला.

त्याच्या डोक्यावरून एक बाटली गेली. मग हाताला लागेल ते. दयानंद सरांनी गुंडप्पा सरांचं डोकं टाकीवर आपटलं. पाण्यात रक्ताचा एक तांबडा धागा उतरला, काचेला तडा गेला आणि पाणी फरशीवर धावत सुटलं. गुंडप्पा सरांनी आंधळेपणानं काहीतरी ओढून काढलं आणि भोसकलं. टाकीत वीतभर पाणी उरलं होतं. त्यात नळी पांढरी झाली.

“सर! झालं! पांढरं झालं!”

दोघं थांबले. एकाचं कपाळ फुटलेलं, दुसऱ्याच्या चष्म्याला एकच काच. गुडघ्यांवर रांगत ते टाकीपाशी आले आणि खांद्याला खांदा लावून बघत राहिले.

“लई झाक झालंय,” दयानंद सर म्हणाले.

“आकडा सांग,” गुंडप्पा सर म्हणाले.

रविकिरणनं पाण्यात पाहिलं. थर्मामीटरची टोकदार स्टीलची सळई तिथं नव्हती. ती वायरीसकट दयानंद सरांच्या दंडात होती. वायरीच्या दुसऱ्या टोकाला लोंबणाऱ्या, आकडा दाखवणाऱ्या डबीवर माणसाच्या अंगात असतं तेवढंच तापमान होतं. सदतीस.